चाकातला चीक

तरडगाव मागे पडलं, लोणंद अजून यायचं होतं, आणि चांदोबाचा लिंब दिसायच्या आधीच सायकलचं मागचं चाक जड लागायला लागलं. पंक्चरची पहिली खबर पायांना लागते. रस्ता सपाट असूनही मांड्या भरून येतात, मग रस्त्यावरचा एकेक खडा कण्याला जाणवू लागतो, आणि शेवटी रिम डांबरावर टेकल्याचा तो कोरडा आवाज. फेब्रुवारीतली दुपार होती. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत पुरी करायची. पहाटे सहाला पुण्याहून निघाले होते, फलटणला कार्डावर शिक्का घेतला होता आणि परतीला लागले होते.

मला काळजी वाटली नाही, कारण टायर ट्यूबलेस होतं आणि त्यात भोक आपोआप बुजवणारं लिक्विड होतं. उतरले, चाक हातानं सावकाश फिरवलं. फुटक्या बाटलीच्या काचेची तीनेक मिलिमीटरची चीर सापडली. भोक तळाला येईल असं चाक धरून ठेवलं, म्हणजे आतलं लिक्विड त्या जागी गोळा होतं. एरवी अशा वेळी भोकातून पांढरा फेस येतो, दोनचार थेंब टपकतात, फुसफुस मंदावते आणि थांबते. त्या दुपारी फेस आला नाही. नुसती कोरडी हवा बाहेर येत राहिली. दिवाळीच्या आधी भरलेलं ६० मिलिलिटर लिक्विड चार महिन्यांत आतल्या आत वाळून गेलं होतं, आणि मी मधल्या काळात एकदाही टायर उघडून पाहिलं नव्हतं.

पिशवीत ट्यूब होती. टायर एका बाजूनं उतरवलं, ट्यूब घातली, हवा भरली, वीस मिनिटांत पुन्हा खोगिरावर. अर्धा किलोमीटरही गेले नसेन, चाक परत बसलं. ट्यूब बाहेर काढली तर तिला दोन भोकं, आणि दोन्ही काचेच्या जागेपासून वीतभर लांब. तेव्हा कुठे मी टायरच्या आत बोट घातलं आणि बोटाला कचकन टोचलं. सराटा. पुढे आणखी एक. त्यापुढे आणखी एक. गेल्या चार महिन्यांत कुठे कुठे घुसलेले काटे टायरमध्ये तसेच होते. लिक्विडनं प्रत्येकाभोवती छोटी रबरी टोपी घालून हवा राखली होती, आणि मी त्या सगळ्यांना बरोबर घेऊन सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत, पानशेतला, लोणावळ्याला जाऊन आले होते. त्यांच्या अंगावर ट्यूब आल्याबरोबर त्यांनी आपलं काम केलं.

नवव्या वर्षी दादांनी, म्हणजे वडिलांनी, शिकवलेली पहिली गोष्ट मी विसरले होते. आधी टायर चाचपायचं, मग ट्यूबकडे वळायचं.

*

आमचं गाव करमाळा तालुक्यात. दादा शेजारच्या गावात प्राथमिक शिक्षक, सात किलोमीटर जायचं, सात यायचं, तेही निम्मं बैलगाडीच्या वाटेनं. त्या वाटेवर बाभळीचे पांढरे लांब काटे असायचे, पण खरं वैर सराट्याशी. पाऊसकाळात तो बांधावर, पडीक रानात जमिनीला चिकटून पसरतो. चिंचेच्या पाल्यासारखी बारीक पानं, इवलीशी पिवळी फुलं. दिसायला इतका गरीब की कुणी वाकून बघणार नाही. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला टणक काटे. तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर तोंड करून असतोच. जुन्या काळी घोडदळाला अडवायला लोखंडाचे असेच चार टोकांचे काटे रस्त्यात टाकत. सराट्याचं शास्त्रीय नाव ‘ट्रिब्युलस’ हेही त्याच हत्याराच्या ग्रीक नावावरून आलं आहे. याच झाडाला वैद्य गोखरू म्हणतात आणि त्याचा काढा देतात, हे मला फार पुढे कळलं. लहानपणी तो फक्त शत्रू होता.

अनवाणी पायात सराटा गेला तर तो ओढून निघायचा. बाभळीचा काटा मात्र आत मोडायचा. मग आज्जी परसातल्या रुईचं पान खुडून आणायची, देठातून येणारा पांढरा चीक काट्याच्या तोंडावर लावायची, डोळ्याला हात लावू नकोस म्हणून चारदा बजावायची. ‘चीक काटा वर आणतो,’ ती म्हणायची. दुसऱ्या दिवशी ती जागा मऊ पडलेली असे आणि सुईच्या टोकानं काटा अलगद निघे.

आठवड्यातून दोनदा तरी दादांची सायकल अंगणात उलटी व्हायची. दोन चपट्या पान्यांनी टायरची एक कड रिमवरून उचलायची, ट्यूब अलगद बाहेर ओढायची, पण व्हॉल्व्ह जागेवरून हलवायचा नाही. ट्यूब हाती आली की आम्ही मुलं घमेल्यात पाणी आणायला धावायचो, आणि दादा थांबवायचे. पाण्याची घाई नाही. आधी तर्जनी आणि मधलं बोट टायरच्या आत घालून पूर्ण एक फेरा. मग उलट्या दिशेनं दुसरा, कारण काही काटे तिरपे घुसलेले असतात, एका बाजूनं बोट घसरून जातं. काटा सापडला की चिमट्यानं काढून वाटीत टाकायचा. जमिनीवर नाही, नाहीतर उद्या तोच काटा याच चाकात. ते झालं की मग ट्यूबमध्ये थोडी हवा, घमेलं, बुडबुडे, आणि बुडबुड्याच्या जागी शाईच्या पेन्सिलीनं फुली. ती पेन्सिल शाळेच्या हजेरीपटाची होती.

पुढचं काम मला सगळ्यांत आवडायचं. जुन्या ट्यूबमधून कापलेला पॅच, कोपरे गोल केलेले, कारण चौकोनी पॅच कोपऱ्यातून सुटतो. ट्यूब आणि पॅच दोन्ही कानशीनं खरवडायचे, काळा रंग जाऊन राखाडी दिसेपर्यंत. मग सोल्युशन. आणि मग थांबायचं. सोल्युशनची चकाकी जाऊन ते निस्तेज दिसेपर्यंत पॅच ठेवायचा नाही. मी एकदा ओल्यावरच दाबला होता. दादांनी काही म्हटलं नाही, सायकल तशीच बाहेर काढली, मला पुढच्या दांड्यावर बसवलं. ओढ्यापर्यंत गेलो, चाक बसलं, आणि तिथून आम्ही दोघं सायकल ढकलत घरी आलो. सोल्युशन म्हणजे पेट्रोलसारख्या द्रावणात विरघळवलेलं रबर. द्रावण उडून गेल्याशिवाय रबराला रबर धरत नाही. हे शास्त्र त्यांनी परतीच्या वाटेवर सांगितलं, म्हणून राहिलं असावं.

दादांच्या मागच्या चाकातल्या एका ट्यूबला चौदा पॅच होते. ती त्यांनी बरीच वर्षं वापरली.

*

पुढे १९८९ साली घरी एक जुनी बजाज चेतक आली आणि तिच्याबरोबर स्टेपनी हा शब्द आला. दोन चाकं खाली, तिसरं मागे, तिन्ही सारखी. चाक बसलं की पान्यानं नट सोडायचे, चाक बदलायचं, दहा मिनिटांत पुढे. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून आला, हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्या रस्त्यावर १९०४ च्या सुमारास मोटारींसाठी जादा चाक बनवणारी कंपनी निघाली. तिकडे तो शब्द कधीच विस्मरणात गेला. आपल्याकडे, बांगलादेशात आणि माल्टात तो अजून रोज बोलला जातो.

नव्या स्कूटरना स्टेपनी नाही. टायर ट्यूबलेस असतं, खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, दुकानापर्यंत पोहोचता येतं, असं शोरूममध्ये सांगतात. ते पुष्कळदा खरंही असतं. पण दहाएक वर्षांपूर्वी आईला जेजुरीला नेऊन परत येताना दिवे घाटात रात्री साडेनऊला माझ्या स्कूटरच्या मागच्या टायरमधून खिळा आत जाऊन पुन्हा बाहेर पडला होता. हवा पाच मिनिटांत गेली. आईचे गुडघे तेव्हाच दुखरे. तिला बसवून स्कूटर चालवली तर टायर रिमखाली चिरडून जाणार, आणि तिला चालवत नेणं शक्य नव्हतं. एका टेम्पोवाल्या दादांनी स्कूटरसकट आम्हाला हडपसरपर्यंत आणलं. पैसे घेतले नाहीत. आई वाटभर काही बोलली नाही, पण घरी आल्यावर तिनं विचारलं, ‘तू रोज रात्री एकटी येतेस ना गं कामावरून?’

त्याच आठवड्यात मी दोन्ही चाकांत लिक्विड टाकलं.

*

आमच्या कोपऱ्यावर पंक्चरचं दुकान आहे. एक कॉम्प्रेसर, टायरांची उतरंड, पाण्याची टाकी, आणि रात्री अकरापर्यंत जळणारा एक दिवा. दुकान चालवतात ते मूळचे कोट्टायमकडचे. सगळा भाग त्यांना अण्णा म्हणतो, तीस वर्षांत त्यांचं मराठी माझ्याइतकं झालं आहे. महाराष्ट्रात कुठल्याही हमरस्त्यावर पंक्चरचं दुकान शोधलं तर मालक केरळचा निघतो, असा एक काळ होता. अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे.

अण्णांना लिक्विड आवडत नाही. त्यांचं धंद्याचं नुकसान होतं म्हणून असेल, असं मला आधी वाटायचं. तसं नाही. लिक्विड भरलेलं टायर उघडलं की ते हिरवं, चिकट पाणी हातांवर, कपड्यांवर, जमिनीवर सांडतं. भोकाच्या कडा बुळबुळीत झालेल्या असतात, त्यामुळे रबरी स्ट्रिप मारली तरी ती घट्ट बसत नाही. आधी सगळं धुवायचं, पुसायचं, वाळवायचं, मग काम. गिऱ्हाईक मात्र उभं राहून विचारणार, एवढा वेळ का लागतो? ‘मॅडम, आत काय टाकलंय ते आधी सांगायचं,’ ते म्हणाले. ‘डॉक्टरला सांगता ना, कुठली गोळी चालू आहे?’ तेव्हापासून मी कुठेही टायर उघडायला दिलं की पहिलं वाक्य तेच बोलते. तुम्हीही बोला.

दोन वर्षांनी स्कूटरचं मागचं टायर बदलायची वेळ आली. अण्णांनी ते उतरवून माझ्यासमोर उलटं केलं. आतल्या हिरव्या थरात चार ठिकाणी घट्ट गाठी झालेल्या होत्या, म्हणजे चार पंक्चर, जी मला कळलीसुद्धा नव्हती. एका गाठीत इंचभर खिळा तसाच उभा, गंजलेला. अण्णांनी तो पक्कडीनं ओढला आणि माझ्या हातावर ठेवला. ‘हा तुम्ही किती दिवस घेऊन फिरलात?’ मला उत्तर देता आलं नाही.

स्कूटरच्या चाकात टाकायचं लिक्विड आणि माझ्या सायकलच्या चाकातलं लिक्विड ही वेगवेगळी जात आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिल्यात मुख्यतः ग्लायकॉल असतं, त्यात बारीक तंतू आणि रबराचा चुरा मिसळलेला. ते लवकर वाळत नाही, वर्षदोन वर्षं टिकतं. चाक फिरतं तसा त्याचा थर टायरच्या आतल्या बाजूला पसरतो. भोक पडलं की आतली हवाच ते त्या दिशेनं ढकलते, तंतू भोकाच्या तोंडाशी एकमेकांत अडकतात, त्यांच्यामागे चुरा दाटतो आणि बूच तयार होतं. ओढ्याला बांध घालताना आधी फांद्या आडव्या टाकतात, मग पालापाचोळा, मग माती, तसंच हे. पण हे बूच नुसतं अडकून बसलेलं असतं. रबराशी ते एकजीव होत नाही.

सायकलच्या ट्यूबलेस टायरमध्ये वापरतात ते वेगळं. ते खरोखरच रबराच्या झाडाचा चीक असतो, पाण्यात पसरलेला. तो बाटलीतच गोठू नये म्हणून थोडा अमोनिया, शिवाय थोडं ग्लायकॉल आणि बारीक कण. बाटली उघडली की नाकात जो झणका जातो तो अमोनियाचा. भोकातून बाहेर पडताना या चिकाची घुसळण होते, बाहेरच्या हवेनं पाणी आणि अमोनिया उडतो, आणि चीक जागेवरच गोठून रबर होतो. म्हणून याचं बूच लवचीक असतं, टायरबरोबर दबतं आणि उठतं. आणि म्हणूनच ते टिकत नाही. जे भोकापाशी हवं असतं, तेच वाळणं टायरच्या आत रोज थोडं थोडं चालू असतं. थंड देशांत सहा महिने सांगतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन महिन्यांनी बघावं, असं माझं मत झालं आहे. व्हॉल्व्हची पिन काढून आत एक बारीक काडी बुडवली तरी कळतं, ओली आली की आहे, कोरडी आली की संपलं.

कुठलंही लिक्विड टायरच्या बाजूच्या भिंतीवरची चीर बुजवत नाही, कारण तो भाग प्रत्येक फेऱ्याला वाकतो आणि बूच उखडून टाकतो. खिळ्याच्या जाडीपलीकडचं, म्हणजे साधारण सहा मिलिमीटरपेक्षा मोठं भोकही त्याला पेलत नाही. शर्यतीच्या बारीक टायरमध्ये ९०-१०० पौंड हवा असेल तर चीक गोठायच्या आतच बाहेर फेकला जातो. माझ्या जाड टायरमध्ये ५० पौंड असते, तिथं तो नीट काम करतो. मोटारींचं वेगळंच. २०२० साली केंद्र सरकारनं नियम बदलला. टायर ट्यूबलेस असेल, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल आणि दुरुस्तीचा संच बरोबर असेल तर प्रवासी मोटारीला स्टेपनी नसली तरी चालते. त्या संचातला डबा म्हणजे हेच लिक्विड. ते टाकून फक्त दुकानापर्यंत जायचं असतं, तेही ताशी ८० च्या आत. माझ्या ओळखीच्या एकानं तो डबा टाकून सहा महिने गाडी तशीच चालवली. हे करू नये.

*

अण्णांनी एकदा माझी सायकलच्या लिक्विडची बाटली हातात घेतली, झाकण उघडलं, वास घेतला आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. ‘हे तर आमचं पाल,’ ते म्हणाले. मल्याळममध्ये पाल म्हणजे दूध. रबराच्या चिकाला तिकडे रबर पाल म्हणतात. त्यांचे वडील पहाटे रबराची झाडं चिरायला जात, आणि शाळेच्या आधी बादल्या उचलायचं काम पोरांचं. ती झाडं सोडून अण्णा पुण्यात आले आणि आयुष्यभर रबरच हाताळत राहिले.

त्यानंतर मला रबराची बाग बघायचीच होती. त्यासाठी केरळला जावं लागलं नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात केरळहून आलेल्या कुटुंबांनी डोंगरउतारांवर रबर लावलं आहे. मैत्रिणीच्या ओळखीनं तिथल्या एका बागेत जानेवारीत दोन दिवस राहिले. पहाटे चारला निघालो. कपाळावर दिवा बांधलेले एक काका झाडामागून झाड करत होते. चीक पहाटे जास्त येतो, ऊन चढलं की झाडाच्या अंगातला दाब उतरतो. हातातली वाकडी सुरी खोडावरच्या तिरप्या खाचेतून ओढायची, सालीचा मिलिमीटरभर जाडीचा पापुद्रा काढायचा. जास्त खोल गेलं तर झाडाला खरी इजा होते आणि ती जागा कायमची गाठाळते. पापुद्रा निघाला रे निघाला की खाचेत पांढरे ठिपके, ठिपक्यांची ओळ, ओळीची धार, आणि धार पत्र्याच्या छोट्या पन्हळीवरून करवंटीत. पूर्ण काळोख होता आणि सगळ्या बागेत थेंबांचा आवाज.

दहाच्या सुमाराला धार आपोआप थांबली. कुणी काही केलं नाही. झाडानं स्वतःच ती जखम बंद केली होती. खाचेवर वाळलेल्या चिकाची एक पट्टी धरली होती, काकांनी तिचं टोक पकडून ओढली तर हातभर लांब रबराची नाडी सुटून आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिरण्याआधी ती काढावीच लागते, नाहीतर चीक येणार नाही.

हे कसं होतं ते मी घरी आल्यावर शोधून वाचलं. चिकात रबराचे कण तरंगत असतात, आणि त्यांच्याबरोबर ल्युटॉइड नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या. सालीतली चिकाची नळी चिरली गेली की या पिशव्या फुटतात, आतलं प्रथिन रबराच्या कणांना एकमेकांशी चिकटवतं आणि नळीच्या तोंडाशी बूच बसतं. आपल्या रक्तात जखमेपाशी होतं त्याच धर्तीवरचं काम. कीड आत जाऊ नये, बुरशी जाऊ नये, म्हणून झाडानं लाखो वर्षांत ही व्यवस्था उभी केली. १८७६ साली ब्रिटिशांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यातून या झाडाचं सत्तरेक हजार बी लंडनला नेलं, तिथून रोपं सिलोनला आणि सिंगापूरला गेली. १९०२ मध्ये केरळात पेरियारच्या काठी पहिली व्यापारी लागवड झाली. कारखान्यात चिकाचं पाणी कमी करून तो घट्ट करतात आणि अमोनिया घालून त्याला गोठण्यापासून अडवून ठेवतात. म्हणजे झाडाला जी गोष्ट एका सकाळीत करायची असते, तीच आपण बाटलीत महिनोन्‌महिने थोपवून धरतो, आणि मग ती चाकात मोकळी सोडतो. मला हे फार सुंदर वाटतं. लिक्विडच्या बाटलीवर हिरवे-काळे भडक रंग आणि मोठमोठी अक्षरं असतात. त्यावर एका झाडाचं चित्र असायला हवं होतं.

आणि सराट्याचीही एक गोष्ट त्याच सुमाराला वाचनात आली. आपल्याकडचा हा काटा अमेरिकेत पोहोचला, पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत बेफाम पसरला. तिकडे त्याला बोकडाचं डोकं म्हणतात, कारण काट्याच्या तुकड्याला शिंगं असल्यासारखी दिसतात. तिकडचे सायकलवाले त्याला इतके कावले आहेत की चाकात लिक्विड असणं ही त्यांच्यासाठी नेहमीची गोष्ट आहे. १९६१ साली तिथल्या सरकारनं सराट्यावर सोडायला दोन जातींचे भुंगे परदेशांतून नेले. ते मूळचे ज्या देशांतले, त्यांतला एक भारत. काटा इथला, त्याला खाणारा भुंगाही इथला.

*

त्या दुपारी चांदोबाच्या लिंबाजवळ एका घराच्या पडवीत बसून मी टायरमधून काटे काढले. घरातल्या मावशींनी न विचारता पाण्याचं घमेलं आणून दिलं. नऊ काटे निघाले. ट्यूबच्या दोन भोकांना पॅच लावले, सोल्युशन निस्तेज होईपर्यंत थांबले. घड्याळाकडे बघत बघत, पण थांबले.

मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये रिमवरून काढता येणारं टायर बनवलं, त्याआधी टायर चाकाला चिकटवलेलं असे आणि एका पंक्चरपायी तीन तास काम आणि वर रात्रभर वाळवण असा मामला होता. त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी १२०० किलोमीटरची पहिली शर्यत झाली. शार्ल तेराँ ही टायरं लावून उतरला आणि तीन दिवसांच्या आत परत येऊन जिंकला. आज आम्ही ज्या ब्रेव्हे करतो त्यांची सगळी वंशावळ त्या रस्त्याला जाऊन मिळते. पडवीत बसून हे मला आठवलं आणि जरा बरं वाटलं. मी वेळ संपल्यावर पंचवीस मिनिटांनी पुण्यात पोहोचले. कार्डावर शिक्का मिळाला नाही.

आता मी कॅलेंडरवर खूण करते. होळीला एकदा, अक्षय तृतीयेच्या आसपास एकदा, पावसाळ्यात एकदा, आणि खंडेनवमीला. टायर पूर्ण उतरवायचं, वाळलेल्या चिकाच्या पापड्या सोलून काढायच्या, काटे काढायचे, मग नवं लिक्विड. स्कूटरच्या चाकांतही अजून लिक्विड आहे, कारण रात्री एकटीनं यायचं थांबलेलं नाही. पण अण्णांकडे महिन्यातून एकदा स्कूटर उभी करते, ते टॉर्चच्या उजेडात टायर फिरवून खिळा बघतात. त्याचे ते काही घेत नाहीत, मी हवेचे पैसे म्हणून देते.

यंदा दसऱ्याला सायकल गाडीच्या टपावर टाकून गावी नेली. दादा आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी बारीक दिसत नाही. खंडेनवमीला ओसरीवर विळे, खुरपी, पाने, कानस, त्यांचा तो जुना हवेचा पंप, सगळं मांडलं होतं. मी शेजारी बसून मागचं टायर उतरवलं. पापड्या सोलल्या, बोटं फिरवली. दहा काटे निघाले, वाटीत टाकले आणि बाटली उघडली.

‘हे काय?’ त्यांनी वासानं विचारलं.

‘रबराच्या झाडाचा चीक, दादा. भोक पडलं की बुजवतो.’

‘रुईच्या चिकासारखा?’

‘तसाच दिसतो.’

‘मग काटा वर आणतो का?’

‘नाही. काटा आतच राहतो.’

त्यांनी हात पुढे केला. मी टायर त्यांच्या मांडीवर दिलं. दोन बोटं आत घालून ते एक फेरा फिरले, मग टायर उलटं करून दुसऱ्या दिशेनं. निम्म्यावर थांबले. नख लावून पाहिलं, माझ्याकडे चिमटा मागितला, आणि डोळे मिटून, एका बाजूनं तिरपा घुसलेला सराटा बाहेर ओढला.

‘अकरा,’ ते म्हणाले, आणि वाटी पुढे ओढून टायर आणखी फिरवत राहिले.